बोगद्यात आलेला मिस्ड कॉल

युरोपाहून परतल्यावर बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीतल्या बायका फोटो बघायला आल्या. फोटो वसूच्या कॅमेऱ्यात होते, ते छापून यायला चार दिवस होते, म्हणून मी त्यांना तोंडानेच युरोप दाखवला. बोलायचा मला कधी कंटाळा नाही. रावपुऱ्यातल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आहे. नकाशावर इतकी काठी फिरवली आहे की ऱ्हाईन नदी कुठे वळते ते झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. बायकांना मी बर्फाचे डोंगर सांगितले, गाड्यांचा वक्तशीरपणा सांगितला, चीज किती प्रकारचं मिळतं तेही सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, कारण सांगताना आवाज नीट राहील याची खात्री नव्हती. लिहिताना ती अडचण येत नाही, म्हणून इथे लिहिते.

वसू म्हणजे वसुधा, माझी धाकटी नणंद. लग्न केलं नाही, एका कॉलेजच्या लायब्ररीत जन्म काढला. निवृत्त झाल्यावर युरोप आगगाडीने फिरायचा, हे तिचं फार जुनं ठरलेलं. मूळ बेत तिघांचा होता, ती, मी आणि हे. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत कंट्रोलर म्हणून झाली. म्हणजे कानाला फोन लावून बसायचं आणि लाइनवरच्या स्टेशनमास्तरांशी आठ तास बोलायचं, ही गाडी सोडा, ती थांबवा, मालगाडी बाजूला घ्या. मराठी, गुजराती, हिंदी, ज्याची जी असेल ती भाषा. घरी आले तरी बोलणं थांबायचं नाही. आम्ही दोघं एकदम बोलायचो आणि दोघांनाही दोघांचं ऐकू यायचं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय व्यायामाने सावरले, वाचा मात्र सावरली नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट मोडली आहे. एखादा शब्द यायचा, दुसरा अडकायचा, आणि अडकलेला मी पुरा करायचे. ‘च’ म्हणाले की चहा टाकायचे, ‘पे’ म्हणाले की पेपर द्यायचे. बाहेर कुठे गेलो तरी त्यांच्या वतीने मीच बोलायचे. फोन तर त्यांनी पार सोडून दिला. वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जात. ज्याचं पोट फोनवर चाललं त्या माणसाने फोनकडे पाठ फिरवावी, हे मला बघवत नसे.

अशा स्थितीत मी जाणार नव्हतेच. पण वसू म्हणाली, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन, आणि हरवले तर दादाला काय तो जवाब तुम्ही द्या. मिलिंद, आमचा मुलगा, म्हणाला, आई, जा ने, मी आहे घरी बाबांजवळ. शेवटी मी ह्यांनाच विचारलं. ते गॅलरीत हिंचक्यावर झोके घेत बसले होते. माझ्याकडे पाहून ‘तू…’ म्हणाले आणि ओठ जुळवत राहिले. मी जरा थांबले. मग म्हटलं, “तू जा, असंच ना?” त्यांनी डोळे मिटून मान हलवली, आणि ती मी होकाराची धरली.

विमानात पट्टा बांधल्यावर मला पहिल्यांदा शंका आली. ‘तू’च्या पुढे त्यांना काय म्हणायचं होतं? जा, की नको जाऊस? की ती मान ‘हिला सांगून काय उपयोग’ अशी हलली होती? बाकीचं सामान आम्ही ठिकठिकाणी ठेवलं-उचललं, हा प्रश्न मात्र चारही देशांत माझ्या पदराला बांधलेला होता.

हार्लेम

आमच्या बडोद्याच्या मोबाइल कार्डावर परदेशात बोलणं म्हणजे हत्ती पोसणं, असं मिलिंदने आधीच बजावलं होतं. त्याने सांगितलेली युक्ती अशी, की ज्या देशात जाल तिथलं प्रीपेड सिम घ्यायचं, आणि सरहद्द ओलांडली की काढून टाकायचं, नाहीतर तेही रोमिंगमध्ये जाऊन उरलेला बॅलन्स खातं. नवीन सिम म्हणजे नवीन नंबर. तो मी एसएमएसने कळवायचा आणि मिलिंदने बाबांच्या फोनमध्ये भरायचा. आम्ही परत येईपर्यंत ह्यांच्या फोनमध्ये ‘आई हॉलंड’, ‘आई जर्मनी’, ‘आई स्विस’ आणि ‘आई इटली’ अशा चार आया झाल्या होत्या.

हे बोलणार नव्हते, म्हणून खुशालीसाठी मिस्ड कॉल ठरला. रोज दुपारी बडोद्यात एक वाजता, जेवण झाल्यावर, ते मला दोन रिंगा द्यायचे आणि कापायचे. अर्थ, मी बरा आहे. मग मी दोन रिंगा देऊन कापायचं. अर्थ, मीही. उचलायचा कोणीच नाही. आपल्याकडे दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळा कारभार असाच चालतो, त्यामुळे आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिलं सिम अॅम्स्टरडॅमजवळच्या हार्लेम गावात घेतलं. कालव्याच्या काठी एक चिंचोळं दुकान, आत सावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. मी इंग्रजी जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी वसूच्या कुंकवाकडे पाहून विचारलं, “तू लोग कहाँ से आइले?” आम्ही दोघी बघतच राहिलो. त्यांचे पणजोबा बिहारकडून उसाच्या मळ्यावर काम करायला समुद्रापार सूरीनाम देशात गेले, आणि हे तरुणपणी तिथून हॉलंडला आले. हिंदुस्थान त्यांनी पाहिलेला नाही. मिस्ड कॉलचा बेत त्यांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांची आई सूरीनामहून असंच करायची म्हणे. त्यांनी स्वतः सिम घातलं, चालू केलं आणि आम्हाला बाहेर सायकलींच्या रस्त्यावर चालू नका म्हणून दटावलं. ते दटावणं जरुरीचं होतं, कारण तिथल्या सायकली आपल्या पाणीगेटच्या रिक्षांपेक्षा भरधाव येतात आणि हॉर्नही देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, म्हणजे बडोद्याच्या एक वाजता, आम्ही चौकातल्या बाकावर बसून ठेपला आणि कैरीचा छुंदा खात होतो. फोन वाजला. एक रिंग, दोन रिंगा, बंद. मी उलट दोन रिंगा दिल्या. एवढंच झालं, पण मला इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या अनोळखी डच आजोबांना ठेपला दिला. त्यांनी तो आधी उलटसुलट पाहिला, मग खाल्ला, आणि मग दुसरा मागितला.

कोब्लेन्झ

जर्मनीत ऱ्हाईनला मोझेल नदी मिळते तिथे कोब्लेन्झ आहे. फळ्यावर हा संगम मी निळ्या खडूने शेकडो वेळा काढला असेल. प्रत्यक्षात दोन नद्यांच्या पाण्याचे रंग थोडा वेळ वेगळे राहतात, हे मात्र मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. चाणोदला नर्मदेवर जातो तेव्हा संगमावर पाण्यात उतरल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. इथे पाण्याकडे जायला पायऱ्या होत्या, पण कोणीच उतरत नव्हतं. मी वाकून बोटं बुडवली आणि कपाळाला लावली. वसूने फोटो काढला, त्यात फक्त माझी पाठ आली आहे.

सिमचं काम जर्मनीत हार्लेमसारखं चुटकीसरशी झालं नाही. पासपोर्ट, इथला पत्ता, सही, पुन्हा सही. पत्ता म्हणून आम्ही हॉटेलचा दिला तर काउंटरवरच्या मुलीने हॉटेलला फोन करून खात्री केली. सिम संध्याकाळपर्यंत चालू होईल, म्हणाली. मी म्हटलं, उद्या साडेनऊच्या आत झालं पाहिजे, आमचा मिस्ड कॉल येतो. तिला ते समजेना. आम्ही दोघींनी हातवारे करून, रिंगांचे आवाज काढून समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुमचा नवरा फोन करतो, आणि तुम्ही उचलू नये अशी त्याची इच्छा असते?”

मी हो म्हटलं. तिने सिम दिलं. बाहेर पडल्यावर वसू पोट धरून हसत होती, आणि मीही हसले. पण संध्याकाळी नदीकाठी बसल्यावर तो प्रश्न मला पुन्हा आठवला, आणि या वेळी त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला दोन रिंगा आल्या. तीन दिवस वेळेवर आल्या. नोकरीत ह्यांनी गाड्या जशा वेळेवर काढल्या तशाच.

थून

स्वित्झर्लंडमध्ये आम्ही थून गावी राहिलो. तळं, तळ्याच्या मागे हिरवे डोंगर, त्यांच्या मागे पांढरे. रंग इतके स्वच्छ की शाळेत मुलांनी असं चित्र रंगवलं असतं तर मी ‘जरा खरं काढा’ म्हणून परत केलं असतं. हेडी नावाच्या पासष्टीच्या बाईंकडे खोली घेतली होती. घराच्या खिडक्यांत लाल फुलं, आणि जिन्यात एक पाटी, की बूट हातात घेऊन वर यावं. सिम स्टेशनवर मिळालं. रस्ता चुकलात तर असू द्या म्हणून हेडीबाईंनी आपला नंबर स्वतःच्या हाताने त्या सिममध्ये साठवून दिला.

एका संध्याकाळी आम्ही त्यांना लिलो चिवडो खाऊ घातला. बडोद्याहून निघताना मी दोन पाकिटं घेतली होती. तो ओलसर, गोड-आंबट बटाट्याचा चिवडा त्यांनी काट्याने खाल्ला. त्यांनीही मिस्ड कॉलबद्दल विचारलं, कारण सकाळी टेबलावर फोन वाजला आणि आम्ही दोघी तो न उचलता त्याच्याकडे प्रेमाने पाहत बसलो होतो. त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता, की मग पैसे कोण देतं? कोणीच नाही, म्हटल्यावर त्यांना ते फारसं पटलं नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीवर त्या लोकांचा विश्वास बसत नाही असं दिसलं.

त्याच दिवशी तळ्यातल्या बोटीवर मी वसूला मनातलं बोलले. म्हटलं, तुझ्या दादाला मी यायला खरंच हवं होतं का, कोण जाणे. ते काहीतरी वेगळंच म्हणत होते की काय, म्हणून जीव लागत नाही.

“मग विचारा ने त्यांना,” वसू म्हणाली.

“विचारलं तर सांगणार कसे?”

“वहिनी, राग मानू नका. तुम्ही विचारता, आणि उत्तरही तुम्हीच देता.”

मला राग आलाच. रात्रंदिवस त्यांचं करणारी मी, ही रविवारी येऊन आइसक्रीम खाऊन जाणारी. बोट धक्क्याला लागेपर्यंत मी डोंगर पाहत राहिले. तिने माझ्यासमोर कॉफी आणून ठेवली. कॉफी चांगली होती, म्हणून मी प्यायले, पण जेवणापर्यंत तिच्याशी बोलले नाही. माझ्यासारखीला हा उपास सोपा नव्हता.

सिम्प्लॉन

थूनहून इटलीला जाणारी गाडी आल्प्सच्या पोटातून जाते. सिम्प्लॉनचा बोगदा हा माझा आवडता धडा. डोंगराच्या अलीकडे स्वित्झर्लंड, पलीकडे इटली, आणि सरहद्द बोगद्याच्या आत, अंधारात. मुलं हटकून विचारायची, बाई, आत गाडी बंद पडली तर कुठल्या देशाचे पोलीस येणार? मला याचं उत्तर कधीच माहीत नव्हतं, आणि मी ते दर वर्षी ठासून द्यायचे.

ब्रीग स्टेशन सोडून गाडी बोगद्यात शिरली तेव्हा साडेनऊ होत आले होते. फोनची रेंज गेली. मी घड्याळाकडे आणि फोनकडे आळीपाळीने पाहत होते. वसू म्हणाली, बोगदा आहे, दादाची रिंग आज लागायची नाही, उद्या लागेल. बाहेर आलो तर ऊन, दगडी घरं, आणि स्टेशनवरच्या पाट्या इटालियनमध्ये. वसूने लगेच फोन उघडून स्विस सिम काढलं आणि पाकिटात घातलं, कारण सरहद्द ओलांडली होती आणि आम्ही मिलिंदच्या सूचनेबाहेर पाऊल टाकत नव्हतो. माझ्या मते त्या दिवशीचा मिस्ड कॉल आलाच नव्हता.

बोलोन्या

इटलीत सिम घ्यायला करदात्याचा क्रमांक लागतो. आमच्याकडे तो कुठून असणार? पण बोलोन्याच्या दुकानदाराला ती अडचण वाटली नाही. त्याने नाव, जन्मतारीख, जन्मस्थान विचारलं, कॉम्प्युटरवर काही बटणं दाबली आणि सोळा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक माझ्या हातात ठेवला. वसू म्हणाली, वहिनी, आता तुम्ही इथल्या करदात्या, दादाला सांगायला पाहिजे. दुपारी मी मिलिंदला नवीन नंबर कळवला.

बोलोन्या गाव मला फार आवडलं. सगळ्या रस्त्यांच्या कडेने कमानींची छतं आहेत. मैलोन् मैल चाला, डोक्यावर ऊन नाही की पाऊस नाही. रावपुऱ्याला कोणी असं छत घातलं तर मे महिन्यात मी त्याला रोज आशीर्वाद देईन. खायलाही मजा. पियादिना म्हणून एक जाडसर पोळी मिळते, तव्यावरून थेट हातात. तिच्यात चीज आणि पालेभाजी घालून देतात. मी गाडीवाल्या बाईला खुणेने विचारलं, मळताना तेल घालता का? तिने डुकराची चरबी म्हणून सांगितलं ते वसूला कळलं, पण तोवर माझी अर्धी खाऊन झाली होती. पुढचे दोन दिवस मी फळांवर काढले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फोन वाजला नाही. दहा वाजले तरी नाही. मी दोन रिंगा देऊन पाहिल्या, उलट काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, बाबा एकदम बरे आहेत, जेवतात, फिरतात, पण फोनला हात लावत नाहीत. एक वाजला की मी फोन हातात देतो तर बाजूला सारतात. “आई, मला तर रुसल्यासारखे वाटतात. आणि सारखे ‘बोललो, बोललो’ म्हणतात. काय बोललो, कोणाशी बोललो, काही समजत नाही.”

मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. ‘बोललो’ हा शब्द अडकून बसला असेल, पूर्वी एकदा ‘तिकीट’ हा शब्द आठवडाभर असाच अडकला होता. विमानाची तिकिटं बदलून लगेच परत जावं, असं मी वसूला म्हटलं. तिने वाद घातला नाही. उद्या सकाळी बघू म्हणाली. त्या दिवशी पाहिलेल्या मनोऱ्यांची आणि देवळांची मला आज एकही खूण सांगता येत नाही.

सकाळी वसूच्या लक्षात आलं की तिचा वाचायचा चष्मा थूनला खोलीतच राहिला आहे. हेडीबाईंना फोन करायचा तर त्यांचा नंबर स्विस सिममध्ये. चष्मा नसल्यामुळे तिने ते पाकीट माझ्याकडे दिलं. कमानीखालच्या एका दगडी कट्ट्यावर बसून मी सिम बदललं. नंबर शोधायच्या आतच फोन थरथरला आणि पडद्यावर एक लिफाफा आला. खाली इंग्रजीत, की तुमच्यासाठी एक आवाजी निरोप आहे. तारीख बोगद्याच्या दिवसाची होती.

फोन लागत नसेल तेव्हा तिकडे एक यंत्र तो आपोआप उचलतं आणि समोरच्याला म्हणतं, बोला, मी टिपून घेते. आपल्या बडोद्याच्या कार्डावर असलं काही नव्हतं. आम्ही बोगद्यात असताना ह्यांनी रिंग दिली, आणि दोन रिंगा व्हायच्या आत यंत्राने फोन उचलला. ह्यांना काय ठाऊक, त्यांना वाटलं कोणी बाई आहे. बटण दाबून फोन मी कानाला लावला, आणि वसूने तिचा कान माझ्या कानाजवळ आणला. आधी जर्मनमध्ये काहीतरी, मग टुंई, मग ह्यांचा आवाज.

“नमस्ते… सुलभा… सुलभाला… द्या.”

मग शांतता. बाईने फोन माझ्याकडे नेऊन दिला असं समजून ते थांबले असावेत.

“सुलभा?”

बोलोन्याच्या रस्त्यात मी मोठ्याने ‘हो’ म्हटलं.

“बोलू… नको. मी… सांगतो.”

एवढा वेळ काहीच आलं नाही की वसूला वाटलं संपलं. पण मागे हिंचक्याची कडी करकरत होती. मग ते हसले. दोन वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. “आज… तू… गप्प. बरं… झालं.” पुन्हा कडीचा आवाज. “मी… एकटा… नाक्यावर… गेलो. आंबे… आणायला. कांतिभाई… म्हणाला… बेन… बेन क्यां…”

तिथे एक बाई इटालियनमध्ये भराभर काहीतरी म्हणाली आणि फोन मेला. परदेशातून निरोप ऐकण्यात सिममधला उरलासुरला बॅलन्स संपला होता.

मी कट्ट्यावरच बसून राहिले. कांतिभाई आमच्या नाक्यावरचा फळवाला, आणि तो विचारत होता, बाई कुठे आहेत. त्याच्याकडे आम्ही जोडीने जातो, भाव मी करते, आंबे मी निवडते, हे पिशवी धरतात. तिथे ते एकटे गेले होते, आणि मला सांगायला आले होते. यंत्र मध्ये बोललं नाही, शब्द पुरवले नाहीत, ‘च’ला चहा म्हणालं नाही. त्याने नुसती वाट पाहिली. वाचा शिकवायला यायच्या त्या गुजराती बाई मला दर वेळी सांगून जायच्या, “बेन, थोडी राह जुओ,” जरा वाट पाहा. मी हो म्हणायचे आणि त्यांचंही वाक्य पुरं करायचे. वसूचं बोलणं बोटीवर लागलं होतं ते खरं होतं म्हणून लागलं. आणि ‘बोललो’ हा शब्द अडकला नव्हता. ते खरोखर बोलले होते, आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे मी सगळं ऐकून घेतलं होतं आणि चार दिवस त्यावर एक शब्दही कळवला नव्हता. उलट दोन रिंगा वाजवत होते.

वसूने माझ्या हातातून फोन घेतला, इटलीचं सिम घातलं आणि परत दिला. चष्म्याबद्दल ती काही बोलली नाही. मी ह्यांचा नंबर लावला. दोन रिंगा झाल्या. बोट सवयीने लाल बटणावर गेलं, ते मी उचललं. पाच, सहा, सात. उचलला. पलीकडे नुसता श्वास.

मी म्हटलं, “अहो, मी. बोगद्यात होते, तुमचं बोलणं मशीनने घेतलं. मला आत्ता ऐकू आलं, तेही अर्धंच. कांतिभाईने विचारलं, बेन क्यां छे. पुढे?”

आणि तोंड मिटलं. एकतीस वर्षं वर्गात आणि सदतीस वर्षं संसारात जे जमलं नव्हतं ते करायला बसले. कमानीखालून एक बाई कुत्रं घेऊन गेली. एका दुकानाचं शटर वर गेलं. माझ्या जिभेवर दहा उत्तरं तयार होती, माहेरी गेली, गावाला गेली, येईल आता. एकही मी बाहेर येऊ दिलं नाही. वसूने माझा हात घट्ट धरला होता.

“मी… म्हटलं…” ते थांबले. पुन्हा श्वास. आणि मग कंट्रोलमध्ये स्टेशनमास्तरांना सांगायचे तसं, एका दमात, न अडखळता, “फरवा गई छे. में मोकली छे.”

फिरायला गेली आहे, मी पाठवली आहे. ‘तू’च्या पुढचा शब्द मला सोळा दिवसांनी मिळाला, आणि तो त्यांनी आधी फळवाल्याला सांगितला होता. मी रस्त्यात बसून रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांना ते ऐकू येत होतं. त्यांनी मला रडू दिलं, घाई केली नाही. मग म्हणाले,

“आंबे… अजून… आंबट आहेत. तू… सावकाश ये.”